न विरघळलेली वीट

सासरे : बघ, हात घालून बघ बादलीत. रात्रभर पाण्यात होती. एक कोपरा तरी झडलाय का?

सून : नाही झडलेला, बाबा.

सासरे : बाबा घरी. इथे मी प्रशिक्षणार्थी आणि तू मॅडम. पहिल्याच दिवशी तू ठणकावून सांगितलं होतंस, नाती चपलांबरोबर बाहेर ठेवायची म्हणून.

सून : वर्ग सुटलाय. सगळे गेले. तुम्हाला मुद्दाम थांबवून घेतलंय.

सासरे : शाबासकी द्यायला? मग ती चारचौघांत द्यायची होती. त्या पोनीवाल्या आर्किटेक्टचं तोंड तरी बघायला मिळालं असतं. सकाळी त्याच्या बादलीत नुसता चिखल, आणि गडी हसतोय! अरे, तुझी वीट मेली, हसतोस काय?

सून : त्याची वीट पास झाली.

सासरे : काय?

सून : सगळ्यांच्या पास झाल्या. तुमची सोडून.

सासरे : हे बघ, उन्हात उभं राहून तुला चक्कर आली असेल तर तसं सांग. अख्ख्या वर्गात एकच वीट पाण्यात टिकली, आणि ती एकटीच नापास?

सून : चाचणी कशाची होती ते मी मागच्या शनिवारी फळ्यावर लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर बसून ठेकेदाराशी फोनवर बोलत होता.

सासरे : बालवाडीच्या पायाचं बोलत होतो, गप्पा नव्हतो हाणत. आणि "पाण्यात ठेवायची" एवढं ऐकलं होतं मी. विटेची पाण्यातली चाचणी कशाची असते, हे आता सुनेकडून शिकायचं? तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून विटा बुडवतोय मी.

सून : ती भाजलेली वीट. ही कच्ची. वाळलेली कच्ची वीट पाण्यात घातल्यावर पुन्हा तीच माती होते का, एवढंच बघायचं होतं. मग त्याच चिखलाची दुसरी वीट पाडायची. दुपारी सगळ्यांनी पाडली. तुम्ही मात्र झाडाखाली चहा पीत बसलात.

सासरे : कारण मला गरज नव्हती! माझी वीट शाबूत होती.

सून : तेच तर. नुसती माती रात्रभर अशी उभी राहत नाही. काय घातलंत त्यात?

सासरे : मळली नीट. हात लागतो त्याला. तुमची पिढी माती मळते ती मोबाईलचा पडदा पुसल्यासारखी.

सून : बाबा, मी चावीने खरवडून बघितलं. आतून करडी आहे.

सासरे : चिमूटभर.

सून : किती?

सासरे : मूठभर. बरं, दोन मुठी. सिमेंटच घातलं, विष नाही घातलं! एवढं काय झालं?

सून : वर्गात सांगितलं होतं, बाहेरचं काही मिसळायचं नाही.

सासरे : मला वाटलं, बाकीच्यांची घालायची हिंमत नसेल. ते जाऊ दे. आता सरळ बोलतो. माझी आर्किटेक्टची नोंदणी महिनाअखेरीला संपतेय. ह्या प्रशिक्षणाचे तास पडल्याशिवाय ती पुढे चालू होत नाही. आणि नोंदणी नसली तर बालवाडीच्या नकाशांवर मला सही करता येणार नाही. माझं शेवटचं काम आहे ते. ह्याच्यानंतर दुकान बंद, असा तुझ्या सासूला शब्द दिलाय. शेवटच्या कामाखाली दुसऱ्या कुणाची सही झालेली मला बघवणार नाही. तुझीही नाही.

सून : माहीत आहे मला.

सासरे : मग त्या तक्त्यावर माझ्या नावापुढे एक टिक मार.

सून : नाही मारणार.

सासरे : सासरा म्हणून तरी...

सून : सासरे आहात म्हणून तर मुळीच नाही. दुसरं कुणी असतं तर एखाद्या वेळी डोळेझाक केलीही असती. तुम्हाला टिक मारली तर उद्या तो पोनीवालाच म्हणेल, घरचं सर्टिफिकेट आहे म्हणून. माझ्याबद्दल म्हणाला तर म्हणू दे. तुमच्याबद्दल कुणी असं म्हटलेलं मला चालणार नाही.

सासरे : बोलायला शिकलीस.

सून : पुढच्या शनिवारी शेवटची बॅच आहे. एक पोतं माती घरी नेऊन ठेवते. आज वीट पाडा, सावलीत वाळू द्या. शुक्रवारी संध्याकाळी आणून इथे पाण्यात सोडा. सकाळपर्यंत विरघळली की मी सही करते.

सासरे : आणि नाही विरघळली तर?

सून : विरघळेल. त्यासाठी काही करावं लागत नाही. काही न करणं तेवढं जमवा.

सासरे : तू हो पुढे. मी चालत येतो.

सून : ही वीट घेऊन जा.

सासरे : राहू दे तुझ्या वर्गात. कसं करू नये त्याचा नमुना.

सून : इथे टाकायला जागा नाही. बाकी सगळ्यांची माती परत ढिगात गेली. ही कुठे घालू?

(घरी. स्वयंपाकघरात सासू भांडी पुसते आहे.)

सासू : नापास केलंस म्हणे त्यांना.

सून : सांगितलं त्यांनी?

सासू : तू मागे माती उतरवत होतीस तेव्हा आले. दारात ती वीट आदळली, चप्पलसुद्धा काढली नाही, तसेच फिरायला गेले. जाता जाता म्हणाले, "तुझ्या सुनेला विचार." तेव्हाच कळलं मला. पास केलं असतंस तर "माझी सून" झाली असती.

सून : तुम्ही रागावलात?

सासू : मी कशाला रागावू? जन्म गेला माझा वॉर्डात. सुई टोचणाऱ्यावर पेशंट चिडतो, त्याच्या बायकोनं चिडून चालत नाही. हे बघ, तुला एक गंमत दाखवायची राहिलीय. हा शर्ट.

सून : खिशाला काय झालंय? दगड झालाय नुसता.

सासू : मागच्या आठवड्यात मशीनमधून असाच निघाला. आत कागदाची पुडी होती, त्यात करड्या रंगाची पूड. अर्धी सांडली, भिजली आणि घट्ट बसली. इस्त्री फिरवायला गेले तर टणकन आवाज आला!

सून : आई! तुम्हाला माहीत होतं?

सासू : मला काय ठाऊक तुझ्या वर्गात सिमेंट चालत नाही! ह्यांच्या खिशातून आजवर मी खिळे काढलेत, खडू काढलेत, फरशीचे तुकडे काढलेत. मला वाटलं, लागत असेल अभ्यासाला. पोरं परीक्षेला चिठ्ठ्या नेतात, ह्यांनी सिमेंटची पुडी नेली. हसतेस काय? हस, हस. मीही मघाशी एकटीच हसले.

सून : हसू येतंय आणि वाईटही वाटतंय, आई. ते टिक मार म्हणाले ना, तेव्हा पेन हातातच होतं माझ्या. कॉलेजनं मला नुसत्या रेघा मारायला शिकवलं. भिंत कुठे थांबवायची, खिडकी किती खाली घ्यायची, बसलेल्या माणसाला बाहेरचं काय दिसलं पाहिजे, हे सगळं ह्यांनी शिकवलं. आणि मी त्यांनाच नापास केलं.

सासू : केलंस ते बरोबरच केलंस. फक्त ते रागावलेत तुझ्यावर, असं समजू नकोस. ते फिरायला कुठे जातात, ठाऊक आहे?

सून : पुलापर्यंत.

सासू : पुलाच्या खाली. ओढ्याकाठी. ते वाचनालय आठवतं का तुला? चौकातलं, ह्यांनी बांधलेलं?

सून : लग्नाआधी एकदा बघितलं होतं. रस्ता रुंद करायला पाडलं ना ते?

सासू : पाडलं, आणि सगळा राडारोडा ओढ्याकाठी नेऊन ओतला. अजून तिथेच आहे. पाणीसुद्धा त्याला वळसा घालून जातं. एकदा आभाळ भरून आलं म्हणून मी छत्री घेऊन ह्यांच्या मागून गेले, तर हे आपले जिन्याच्या एका तुकड्यावर बसलेले. मी लांबूनच ओळखला तो जिना. लाल ठिपक्यांचं मोझॅक. तो लाल रंग मी निवडला होता, नवीन लग्न झालं होतं तेव्हा.

सून : मला कधीच बोलले नाहीत ते.

सासू : पुढचं ऐक. प्रत्येक इमारतीच्या दाराशी काँक्रीटमध्ये आपलं नाव ओतून ठेवायची खोड ना ह्यांना?

सून : आहे ना. बालवाडीच्या नकाशातही आहे. केवढा मोठा ठोकळा काढलाय!

सासू : तर तो नावाचा तुकडाही तिथेच पडला होता. निम्मं नाव तुटलेलं, पण वाचता येत होतं. हे उठले, दोन्ही हातांनी जोर लावून तो तुकडा उचलला आणि पालथा घातला. नाव खाली, मातीकडे. मग हात झटकून परत बसले. मी छत्री न देताच मागे फिरले.

सून : तुम्ही काही विचारलं नाहीत?

सासू : पाडलं त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." मीठ बरोबर होतं. माणूस बोलायला तयार नसला की मी विचारत नाही. पण ह्यांना काहीही विरघळलेलं, मोडलेलं सहन होत नाही, ते तेव्हापासून. घरातला तुटका चमचासुद्धा चिकटवून ठेवतात.

सून : आणि मी त्यांना वीट विरघळवून दाखवा म्हणतेय.

सासू : मग म्हणायलाच हवं ना कुणीतरी. मला मेलीला आजवर जमलं नाही. दार वाजलं बघ. आणि त्या विटेची काळजी करू नकोस. अंगणाचं दार वाऱ्यानं आपटायचं ना? तिला तिथे लावलीय. झक्क बसली.

*

सासरे : एवढीच माती आणलीस?

सून : एका विटेला पुरते, बाबा. उरेलसुद्धा. मी बसू इथे पायरीवर?

सासरे : बस. पण शिकवू नकोस. पाणी किती घालायचं ते विसरलोय, तेवढं सांग आणि मग गप्प बस.

सून : मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये.

सासरे : असा?

सून : थोडं जास्त झालं.

सासरे : गप्प बस म्हटलं ना. आता बरोबर आहे?

सून : गप्प आहे मी.

सासरे : आगाऊ. तुला वाटत असेल, मी टिकच्या लोभानं सिमेंट घातलं.

सून : नाही वाटत.

सासरे : पहिल्यांदा पुडी खिशात टाकली ती सवयीनं. माती नुसती भिंतीला लावायची, ही कल्पनाच अंगावर येते माझ्या. मग मळताना विचार आला, समज पाण्यात उतरलीच वीट, तर सगळे हसतील. म्हातारा आला, एवढी वर्षं बांधतोय म्हणे, आणि एक वीट टिकवता आली नाही.

सून : कुणी कुणाला हसलं नाही, बाबा.

सासरे : मी हसलो ना. पोनीवाल्याला. माझ्यासारखाच हसणारा दुसरा कुणी असणार, असं धरून चाललो होतो.

सून : साच्यात नीट दाबा. कोपऱ्यात पोकळी राहतेय.

सासरे : हं. तुझ्या सासूनं ओढ्याचं सांगितलं ना तुला?

सून : तुम्हाला कसं कळलं?

सासरे : पोळपाट लाटण्यासकट सगळं पुसून झाल्यावरही दोघी स्वयंपाकघरात होतात म्हणून. आणि ती छत्री घेऊन आली होती, ते मला तेव्हाच दिसलं होतं. मी वळून बघितलं नाही एवढंच.

सून : आईंना वाटतं, तुम्हाला माहीत नाही.

सासरे : वाटू दे. ऐक. वाचनालय पाडत होते तेव्हा मी रोज जाऊन समोर उभा राहायचो. मुख्य तुळई मशीनला फुटेना. दात मोडले मशीनचे. आणि मला, हसू नकोस, अभिमान वाटत होता. बघ्यांना सांगत होतो, बघा, फुटत नाही, मी केलीय ती. आता ती तिकडे ओढ्यात पडलीय. अजूनही फुटत नाही.

सून : बाबा...

सासरे : वाईट वाटतं गं. पाडलं ह्याचं मी मागेच सोडून दिलं, रस्ता हवाच होता लोकांना. पण ती तशी पडून राहिलीय ह्याचं फार वाईट वाटतं. तिला कुणी उचलत नाही, वापरत नाही, आणि ती जातही नाही. मी गेलो तरी ती तिथेच असणार. आणि लोक म्हणणार, कुणाची ही घाण?

सून : तुम्ही हे आजवर कुणालाच बोलला नाहीत?

सासरे : कुणाला बोलू? काँक्रीटचा माणूस म्हणून ख्याती माझी. ही बघ, झाली. काढू साच्यातून?

सून : हलक्या हाताने. वर उचला सरळ. छान.

सासरे : तुझ्या तोंडून छान आलं म्हणजे सूर्य कुठे उगवलाय बघायला हवं. आता मला सांग, बालवाडीची जागा किती वर्षांची?

सून : दहा. भाडेकरार आहे. मुदत संपली की जागा होती तशी मोकळी करून द्यायची, असं करारातच आहे. तुम्हाला दोनदा सांगितलं मी.

सासरे : दोनदा सांगितलंस, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, पाडायची म्हणून कुणी बांधतं का? दहा वर्षांनी ते सगळं काँक्रीट कुठे टाकतील?

सून : तुम्हालाच ठाऊक आहे कुठे टाकतील.

सासरे : हं.

सून : जोतं उंच घेतलं आणि छप्पर भिंतीबाहेर भरपूर काढलं तर कच्ची वीट पावसाला भीत नाही. छपराला लाकूड, नटबोल्टवर बसवलेलं. जाताना लाकूड दुसरीकडे जाईल आणि भिंतींची माती तिथेच राहील. मुलं खेळतील त्यात.

सासरे : शिकवू नकोस म्हटलं होतं.

सून : चुकलं.

सासरे : आठवड्यात नकाशे बदलून होतील?

सून : होतील. तुम्ही सांगत जा, मी काढते.

सासरे : छे! मी काढणार, तू चुका काढ. ते तुला चांगलं जमतं.

*

सून : हात घालून बघा बादलीत.

सासरे : तूच बघ ना.

सून : वीट तुमची आहे.

सासरे : सगळे बघताहेत का?

सून : ते आपापल्या बादल्यांत गुंतलेत. घाला हात.

सासरे : काही लागतच नाही हाताला. तळाशी नुसती गाळासारखी माती. एक खडासुद्धा नाही.

सून : कसं वाटतंय?

सासरे : गार. आणि खरं सांगू? घाबरलो होतो तेवढं काही झालं नाही. चल, साचा दे. दुसरी पाडतो ह्याचीच. ए पोनीवाल्या, बाजूला सर जरा, नाहीतर शर्टावर उडेल! मागचा शर्ट घरी वाया गेलाय माझा, तुझा तरी वाचव.

सून : ह्या सहीनं तुमचे तास पूर्ण झाले. सोमवारी कार्यालयात नेऊन द्या, नोंदणी चालू होईल.

सासरे : बरं मॅडम. त्या नळकांड्यात बालवाडीचे नकाशे आहेत. तास झाले नसते तर दाखवणार नव्हतो. आता काढ चुका.

सून : हे सगळं तुम्ही हातानं काढलंत?

सासरे : कॉम्प्युटरवर माझी भिंत हलते. बघ लवकर, माझे हात चिखलाचे आहेत.

सून : छपराची बाहेरची कड छान घेतलीय. खिडक्या मुलांच्या उंचीला... जोतं अजून थोडं वर घ्या मागच्या बाजूनं, तिकडून पाणी येतं. बाकी काही नाही. बाबा, दाराजवळचा तो ठोकळा दिसत नाही. तुमच्या नावाचा.

सासरे : काढून टाकला. खाली बघ, लाकडाची पाटी आहे.

सून : एवढीशी?

सासरे : नाव तेवढंच आहे माझं. दोन स्क्रूवर बसते.

सून : आणि हे काय लिहिलंय बारीक अक्षरात? "स्क्रू बाहेरून दिसावेत. वर पुट्टी भरू नये." तुम्ही तर आयुष्यभर स्क्रू दिसू दिला नाहीत कुठे.

सासरे : जो काढायला येईल, त्याला शोधत बसायला नको.